रुमालाखालचे पस्तीस

साडेनऊनं हात पुढे केला आणि दलालानं सौद्याचा रुमाल मागे ओढला.

"तुझ्याशी नको बाबा," दलाल म्हणाला. "तुझ्या हाताचा हिशेब लागत नाही. तू तीस दाखवणार आणि मला पंचवीस लागणार."

बाजाराच्या ओट्यावरची माणसं हसली. हसावंच लागायचं, कारण जो हसायचा त्याचा माल आधी काट्यावर चढायचा. सात वर्षं दर बाजाराला हा एकच विनोद चालू होता आणि त्याला अजून बुरशी लागली नव्हती. साडेनऊही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला आणि हात खिशात घालून बाजूला झाला. ज्या वहिनीच्या लसणाचा भाव करायला तो पुढे झाला होता, ती मात्र हसली नाही. नमुन्याची जुडी तिनं पिशवीत परत टाकली आणि म्हणाली, "चला भाऊजी, आज नाही विकायचा."

साडेनऊ म्हणजे गावाच्या टाकीवरून पाणी सोडणारा. पन्नाशीला टेकलेला, अंगानं काटकुळा, तोंडानं वाईट. उजव्या हाताचं मधलं बोट अर्ध्यातून गेलेलं, म्हणून एकूण बोटं साडेनऊ आणि म्हणून हे नाव. नाव ठेवलं होतं दलालानं आणि बोटही गेलं होतं दलालाच्याच यंत्रात.

त्या वर्षी दलालानं मका सोलायचं यंत्र आणलं होतं. पट्ट्यावर लोखंडी जाळी होती. जाळीत दाणे निघालेली बुरकुंडं अडकायची, काम हळू व्हायचं, म्हणून दलालानं ती काढायला लावली. सकाळपासून दोनदा साडेनऊ बोलला होता, शेठ, जाळी बसवा. दुपारी बोट गेलं. चार दिवसांनी कचेरीतला माणूस चौकशीला आला, तेव्हा दलालानं त्याला चहा पाजला आणि सांगितलं, काय करणार साहेब, पिऊन आला होता. साहेबानं कागदावर तसंच लिहिलं आणि चहा चांगला होता म्हणून गेला.

आता साडेनऊच्या बापानं दोन शेतं दारूत घातलेली. थोरल्या भावाला दारूचा इतका तिटकारा की नुसता वास आला तरी पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवायचा. त्याच्या कानावर हे गेलं. वहिनीनं शपथा घालून सांगितलं की भाऊजी पीत नाहीत. तो म्हणाला, तू तुझ्या दिराचीच बाजू घेणार. त्या दिवसापासून त्यानं बोलणं टाकलं. एका घरात, एका पंक्तीला बसून आठ महिने "त्याला पाणी दे", "त्याला म्हणावं दार लाव" एवढंच, तेही बायकोकडे बघून. नवव्या महिन्यात विहिरीच्या मोटारीपाशी छाती धरून बसला तो उठलाच नाही. साडेनऊनं आयुष्यात दारूचा थेंब घेतला नव्हता. खोकल्याचं औषधसुद्धा आधी वास घेऊन प्यायचा.

बोटाचं दुःख एका पावसाळ्यात विरलं. दुसरं काही विरलं नाही.

मग त्याला टाकीवरचं काम मिळालं आणि त्याच्या हातात गावाचं पाणी आलं. दलाल आठवड्यातून दोनदा डोक्यावरून अंघोळ करायचा. टाकीवरून त्याच्या मोरीची खिडकी दिसायची. बायको साबणाची वडी ठेवून गेली की साडेनऊ मनात शंभरपर्यंत आकडे मोजायचा आणि त्या गल्लीचा वॉल्व बंद करायचा. दलाल डोळे मिटून, डोक्यावर फेसाचा डोंगर घेऊन, बायकोच्या नावानं हाका मारत उभा. नंतर विचारलं की साडेनऊ गरीब तोंड करून सांगायचा, पाइप फुटला होता शेठ. सात वर्षांत तो पाइप सहाशे वेळा तरी फुटला. एकदा त्यानं दलालाला कानात सांगितलं की वजनमापं तपासायला साहेब निघालाय. दलालानं सगळी वजनं पोत्यात बांधून विहिरीत सोडली. साहेब काही आला नाही. वजनं काढायला पाणबुड्या आणावा लागला. तेव्हापासून दलाल चारचौघांत म्हणायचा, हा माणूस दिवस उगवला म्हणाला तर मी आधी घराबाहेर जाऊन बघेन.

साडेनऊला हे ऐकून फार बरं वाटायचं. का, ते त्यालाही तेव्हा नीट ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी लसूण उदंड पिकला आणि नेमकी निवडणूक आली. एकीकडे कात्री छाप, दुसरीकडे किटली छाप. कात्रीवाले सांगत होते की आम्ही आलो तर बाहेरचा लसूण देशात येऊ देणार नाही आणि इथला बाहेर पाठवू. किटलीवाल्यांची सगळी भिस्त शहरावर. ते म्हणत होते, बाहेरून जहाजं भरून आणू, पण चुलीपाशी महागाई शिरू देणार नाही. म्हणजे कात्री आली की लसूण किलोला साठ रुपयांच्या घरात आणि किटली आली की दहालाही कुणी विचारणार नाही. गावात जो तो अर्थशास्त्राचा पंडित झाला. गिरणीवाल्यानं तर डब्यातल्या पिठावर बोटानं चढउताराची रेघ काढून दाखवली. गिऱ्हाइकानं त्याच पिठाचं वजन कमी भरतंय म्हणून भांडण काढलं.

दलाल पंधरा दिवस एकच सांगत होता. किटली येणार. मोठ्या बाजारातल्या मोठ्या माणसांनी सांगितलंय. आत्ता वीस-बावीसला देताय तर घेतो, उपकार म्हणून घेतो, निकालानंतर गुरांपुढे टाकावा लागेल. निम्मं गाव घाबरून विकून बसलं होतं.

वहिनीकडे साठ गोण्या होत्या. माळ्यावर, खाटेखाली, देवळीत, घरभर लसूण. आधीची दोन वर्षं फसलेली. हेही फसलं तर शेत दुसऱ्याला कसायला देऊन शहरात लेकीकडे जायचं आणि तिच्या मुलांना सांभाळायचं, असं तिनं ठरवून टाकलं होतं. ट्रंकही काढून पुसून ठेवली होती. साडेनऊ येताजाता ती ट्रंक बघायचा. आई लहानपणी गेल्यावर त्याला याच बाईनं वाढवलं होतं. ती गेली की त्या घरात तो आणि भावाचा फोटो, दोघंच, आणि फोटोसुद्धा त्याच्याकडे बघत नव्हता, खिडकीकडे बघत होता.

बाजारातून परत येऊन तो टाकीवर चढला. वर चढलं की गाव तळहातावर घेतल्यासारखं दिसतं. दलालाच्या वखारीमागं एक मालट्रक उभा होता आणि माणसं रिकाम्या गोण्यांचे गठ्ठे उतरवत होती. गठ्ठ्यावर गठ्ठा, संपता संपेना. पलीकडे त्याच्याच, कोंबड्यांच्या बंद पडलेल्या दोन लांब शेड्स होत्या, त्यांची जाळी झाडून चुना मारणं चाललं होतं.

तो खाली आला तो धावतच वहिनीकडे.

"वहिनी, शेठ खोटं बोलतोय. ज्याला वाटतं भाव पडणार, तो चार हजार रिकाम्या गोण्या मागवेल का?"

वहिनी पाला काढत होती. तिनं हात थांबवला. "म्हणजे त्याला वाटतंय कात्री येणार."

"पुरती खात्री आहे त्याला. बावीसला घ्यायचा आणि साठला विकायचा."

"मग आपण थांबू."

"आणि किटली आली तर?"

वहिनी परत पाला काढू लागली. कोण येणार हे त्या दोघांना कुठून कळणार होतं. निकाल नेमका पुढच्या बाजाराच्या दिवशी होता. सकाळपासून मोजणी, संध्याकाळपर्यंत चित्र साफ. साडेनऊ अंगणात फेऱ्या मारत राहिला, मग एकदम थांबला आणि अर्ध्या बोटानं डोकं खाजवलं. हे बोट डोक्याकडे गेलं की गावात कुणाची तरी अंघोळ राहायची.

बाजाराचं मैदान टेकडीच्या पोटात, खोलगट. तिथं फोन लागत नाही. लागतो तो फक्त टाकीवर, आणि टाकीच्या जाळीची किल्ली साडेनऊच्या कमरेला. म्हणजे त्या दिवशी निकाल आधी कळणार तो त्याला.

"मी त्याला खरं तेच सांगणार," तो म्हणाला. "कात्री पुढे असली तर कात्री सांगेन. त्याला वाटेल हा फसवतोय, तो हात आखडता घेईल, आपण माल घरी आणू आणि साठला विकू. किटली पुढे असली तर किटली सांगेन. तेव्हाही त्याला वाटेल हा फसवतोय, मग तो घेत सुटेल. दोन्हीकडून मरतो."

"आणि त्यानं खरं मानलं तर?"

"माझं?" साडेनऊ म्हणाला. "सात वर्षांत एकदा तरी मानलंय का?"

उरलेल्या शेतकऱ्यांना पटवणं मात्र अवघड गेलं. रुमालाखालचा सौदा म्हणजे दोघांचे हात झाकलेले. आधी धरलेली बोटं दहाची, मग धरलेली सुटी. तीन बोटं आणि मग अख्खा पंजा म्हणजे पस्तीस. पटलं की समोरच्याची मूठ मिटायची. कुणाला काय मिळालं ते शेजारच्यालाही कळायचं नाही, आणि दलालाचं सगळं राज्य त्या हातभर कापडावर उभं होतं. साडेनऊनं एकेकाला टाकीखाली बोलावून विचारलं, तुला किती देऊ केले? पहिले सगळे लाजले. मग एक जण म्हणाला तेवीस. दुसरा म्हणाला एकोणीस. दोघं सख्खे साडू, एकाच बांधाचा लसूण. एकोणीसवाला उठून उभा राहिला आणि तेवीसवाल्याकडे असा बघत राहिला की जणू त्यानंच चार रुपये खाल्ले. तिथून पुढे काम सोपं झालं. वहिनी धरून बारा जणांचं ठरलं की निकालाच्या दिवशी पस्तीसच्या खाली कुणी बोट धरू द्यायचं नाही. आभाळ पडलं तरी पस्तीस.

निकालाचा दिवस उजाडला तो ढगाळ, कुबट. लसणाच्या वासानं मैदान भरून गेलं होतं. दलालानं पहाटेच मेव्हण्याला मोटरसायकलवर मोजणीच्या गावी पाठवलं होतं. साडेनऊच्या टाकीवर त्याचा भरवसा नव्हताच. अकराच्या सुमाराला मेव्हणा धुरळा उडवत आला, दलालाच्या कानाला लागला आणि लगेच परत फिरला. दलालाच्या गालावर एक खळी पडायची, ती फक्त फायद्याच्या वेळी पडायची. ती पडली. मग त्यानं तोंड पाडलं, ओट्यावर चढला आणि दुखवट्याच्या आवाजात म्हणाला की मंडळी, वाईट बातमी आहे, किटली पुढे आहे, आता तुम्हीच विचार करा.

साडेनऊ त्या वेळी टाकीवर होता. फोनवर कात्री पुढे होती, चांगली तीस जागांनी पुढे होती. त्यानं ती खळी वरून पाहिली. मोजणी अजून अर्ध्यावरही आली नव्हती, म्हणून तो वरच थांबला. शेतकऱ्यांच्या हातांवर रुमाल पडत गेला, दलालाची बोटं दोन आणि दोन, दोन आणि तीन धरत गेली आणि समोरचे हात नुसते लाकडासारखे राहिले. कुणाचीच मूठ मिटेना. दलालाला घाम फुटला. एवढी वाईट बातमी ऐकून ही माणसं हलत कशी नाहीत?

साडेबारानंतर फोनवरचे आकडे फिरायला लागले. शहरांच्या पेट्या उघडल्या होत्या. तीसचे बारा झाले, बाराचे दोन झाले आणि एकच्या ठोक्याला किटली पुढे गेली. दीडला ती चाळीसनं पुढे होती आणि फोनमधला टाय लावलेला माणूस सांगत होता की आता हे बदलणं कठीण. साडेनऊनं फोन खिशात टाकला.  त्याचं स्वतःचं मत कात्रीला होतं. वहिनीचंही. पुढच्या पाच वर्षांचं काय होणार ते त्याला वरून दिसणाऱ्या त्या सगळ्या शेतांवर लिहिल्यासारखं दिसलं. मग त्यानं खाली दलालाची टाळू पाहिली, गुळगुळीत, सात वर्षं साबण सुकलेली, आणि तो पायऱ्या उतरू लागला.

मैदानाच्या मधोमध येऊन तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ सकाळपासून सांगतायत ते बरोबर आहे. किटली आली. चाळीसनं पुढे आहे."

दलालाचा हात एका रुमालाखाली होता, तो तिथंच थांबला. दोघांनी एकच वाक्य उच्चारलं होतं. दलालाला माहीत होतं की सकाळी आपण खोटं बोललो. मग हा खरं कसं बोलेल?

साडेनऊ जवळ गेला आणि आवाज उतरवून, अगदी मनापासून म्हणाला, "शेठ, आज घेऊ नका. बुडाल. तुमचं मीठ खाल्लंय म्हणून सांगतो."

दलालानं त्याच्याकडे पाहिलं. मग शेतकऱ्यांकडे पाहिलं. किटली आली हे ऐकून खरं तर यांनी पंधराला गळ्यात माल बांधायला हवा होता, आणि हे तर उभेच. म्हणजे यानं वरून कात्री पाहिलीय, यांना गुपचूप सांगितलंय आणि मला थांबवायला आलाय. मी थांबलो की उद्या हेच लोक साठला विकणार. दलालाच्या डोक्यात हे सगळं कसं घड्याळासारखं जुळलं ते साडेनऊला त्याच्या कपाळावर दिसलं. आणि मग ती खळी पडली.

"मला शिकवतोस?" दलाल म्हणाला. "जा, पाणी सोड जा."

पहिला रुमाल वहिनीच्या हातावर पडला. तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. दिराला ती ओळखत होती, तो खरं बोलला हे तिला माहीत होतं. या साठ गोण्या आत्ता या घटकेला मातीमोल झाल्या होत्या. पंचवीस जरी मिळाले तरी पायावर डोकं ठेवावं असं तिला वाटत असणार. रुमाल उंदीर शिरल्यासारखा हलला. दलालानं पंचवीस धरले असावेत, कारण वहिनीनं मान हलवली. रुमाल परत हलला. तिच्या पायाचा अंगठा मातीत रुतत चालला होता. साडेनऊ तो अंगठा बघत उभा राहिला, दुसरीकडे बघायची हिंमत झाली नाही.

"ताई, तुमच्यावर उपकार म्हणून," दलाल तोंडानं म्हणत होता, "किटली आलीय, माझं नुकसान होणार, पण तुमचे दिवस बघून." आणि रुमालाखाली त्याची बोटं वर वर चढत होती. त्या कापडाची हीच गंमत. तोंडाला किटली म्हणता येत होतं आणि हाताला कात्री.

वहिनीची मूठ मिटली. तिनं हात काढून घेतला आणि पदराला पुसला.

मग पुढचा हात, मग त्याच्या पुढचा. दलाल भराभर घेत सुटला. साडूंमधल्या एकोणीसवाल्यानं तर रागाच्या भरात छत्तीस मागितले आणि त्याला मिळाले. काटा चालू झाला, गोण्या वखारीकडे निघाल्या. साडेनऊ मध्ये मध्ये जाऊन सांगत होता, शेठ, खरंच नका घेऊ, किटली पन्नासनं पुढे गेली. दर वेळी दलाल आणखी जोरात घ्यायचा.

चारच्या सुमाराला मेव्हणा आला. या वेळी धुरळा नव्हता. तो मोटरसायकल हातानं ढकलत आणत होता, वाटेत तेल संपलेलं. त्याचं तोंड बघूनच दलाल ओट्यावर बसला. मेव्हणा कानाला लागायला वाकला तर दलाल म्हणाला, मोठ्यानं सांग, आता काय राहिलंय. मेव्हण्यानं सांगितलं.

 काट्याच्या साखळीचा आवाज येत होता तेवढा.

"यानं फसवलं मला," दलाल शेवटी म्हणाला आणि साडेनऊकडे बोट केलं.

"मी काय सांगितलं होतं शेठ?"

"किटली म्हणालास तू."

"मग कोण आलं?"

 एकोणीसवाला साडू म्हणाला की शेठ, तुम्हीपण पंधरा दिवस तेच तर सांगत होता. मग मात्र हसू फुटलं. सात वर्षांत पहिल्यांदा ओट्यावरची माणसं कुणाचा माल आधी चढेल याचा विचार न करता हसली.

मिटलेली मूठ मोडणाऱ्या दलालाच्या रुमालाखाली त्या मैदानात पुन्हा कुणी हात घालत नाही. हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यालाही. मूठ सुटते ती फक्त समोरच्यानं सोडली तर. दलाल उठला, साडेनऊला काट्याच्या आडोशाला घेऊन गेला आणि म्हणाला की मी धुऊन निघतो रे. वीसला तोडू. लोक तुझं ऐकतात. तू शब्द टाक.

साडेनऊनं अर्ध्या बोटानं डोकं खाजवलं.

"विचारून बघतो शेठ. पण बेवड्याचं कोण ऐकणार? आधी ते निस्तरा. काट्यावर उभं राहून सांगा, सगळ्यांना ऐकू जाईल असं."

दलाल आधी बरंच पुटपुटला, जुन्या गोष्टी कशाला, साहेबानंच तसं लिहिलं, वगैरे. साडेनऊनं काट्याकडे हात केला. मग दलाल काट्याच्या फळीवर चढला. सुई थरथरली आणि एकशे बारावर जाऊन थांबली.

"त्या दिवशी हा प्यायलेला नव्हता," तो म्हणाला. "जाळी मी काढायला लावली होती."

 साडेनऊला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपल्याला उड्या माराव्याशा वाटतील. तसं काही झालं नाही.  हे ज्याच्या कानावर जायला हवं होतं तो तिथं नव्हता.

मागून वहिनीचा आवाज आला, "शेठ, परत सांगा. मागच्यांना ऐकू नाही आलं."

दलालानं परत सांगितलं. या वेळी जोरात. वहिनी पदर तोंडाला लावून ऐकत होती, एकेक शब्द मोजून घेतल्यासारखी.

साडेनऊनं डोळे पुसले आणि दिलेला शब्द पाळला. "वहिनी, शेठ विचारतायत, मूठ सोडायची का?"

"नाही," वहिनी म्हणाली.

"नाही म्हणतायत, शेठ."

मग तो बाकीच्या अकरा जणांपाशीही गेला, एकेकाला अगदी रीतसर, हात जोडून विचारलं. दर वेळी परत येऊन दलालाला निरोप सांगितला. बाराव्या निरोपाची दलालानं वाट पाहिली नाही.

पैसे त्यानं दिले. वखारीमागचा मळा विकून दिले, पण दिले. दोन महिन्यांत किटलीवाल्यांची जहाजं लागली आणि लसूण आठवर आला. शेड्समधल्या गोण्यांना हिरवे कोंब फुटले. ओल धरली, मग वास सुटला, आणि वारा फिरला की तो वास थेट दलालाच्या मोरीच्या खिडकीत शिरायचा. आताशा तो रोज अंघोळ करायचा. साडेनऊ पाणी पुरतं सोडायचा. वासानं काम चाललं असताना साबणाची काय गरज.

गावात आनंदीआनंद होता असं मात्र नाही. पुढच्या हंगामाला काय पेरायचं, यावर गिरणीवाल्यापाशीही उत्तर नव्हतं. पिठावरची रेघ खाली खाली जात डब्याच्या काठाला टेकली होती. सगळ्यांनी लसूण सोडायचं ठरवलं. वहिनीनं मात्र ट्रंक माळ्यावर चढवली आणि दिराला म्हणाली, "सगळे सोडतायत ना, मग आपण लावू. सगळ्यांनी सोडल्यावर इथं कोण पिकवणार? जहाजं काय जन्मभर येणार आहेत? बियाण्याला चार गोण्या हव्यात. आपला तर सगळा विकला. शेठकडे कोंब आलेला आहे, तो चालेल. बघा काय भाव करतोय."

साडेनऊ वखारीत गेला. दलाल एकटाच बसला होता, बारीक झाला होता. चार गोण्या म्हटल्यावर त्याचे डोळे लुकलुकले. त्यानं सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर घेतला आणि मग थबकला. सात वर्षांत या हातावर त्यानं रुमाल टाकला नव्हता.

साडेनऊनं हात पुढे केला आणि तसाच ठेवला.

दलालानं रुमाल टाकला. खाली त्याची बोटं चाचपडत आली. साडेनऊनं बाकीची चारही बोटं मुडपली आणि फक्त ते मधलं, अर्धं, त्याच्या तळव्यावर टेकवलं.

दलालाचा हात गार पडला होता. त्यानं ते बोट दोनदा चाचपून पाहिलं.

"हे किती झालं?" त्यानं विचारलं.

"ते तुम्ही सांगा शेठ," साडेनऊ म्हणाला. "उरलेलं तुमच्याकडेच आहे."